दृष्टीचे दरपत्रक
मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत रुग्ण भिंग कसे निवडतो?

एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष वाणिज्य

वस्तू पाहावी, हाताळावी, भाव करावा आणि मगच घ्यावी, हा बाजाराचा पहिला धडा आपण घरीच शिकतो. भेंडी घेताना आई शेंडा मोडून पाहते. साडी घेताना पदर उजेडात धरला जातो. परंतु एक वस्तू अशी आहे की जी घेणाऱ्याने कधी हातात धरलेली नसते, जिचा उपयोग कसा होईल हे आधी ताडून पाहता येत नाही, आणि एकदा घेतली की जी परत करणे सोपे नसते. ती वस्तू म्हणजे मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसवायचे कृत्रिम भिंग. त्यातही गंमत अशी की ग्राहकाला नीट दिसत नाही, म्हणूनच तो ती घ्यायला आलेला असतो!

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने वैद्यकाच्या विषयात का शिरावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. शस्त्रक्रिया कशी करावी हे सांगण्याचा माझा अधिकार नाही व तसा हेतूही नाही. परंतु भिंगाची निवड हा वैद्यकाइतकाच ग्राहकाचाही प्रश्न आहे, आणि तो आज ना उद्या प्रत्येक घरात येतो. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नास वर्षांवरील लोकांमधील अंधत्वाचे ६६.२ टक्के कारण मोतीबिंदू हेच आढळले. आपल्या राज्यात १५ ऑगस्ट २०१८ रोजी ‘कंटि वेलुगु’ ही नेत्रतपासणी मोहीम सुरू झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा निघाला. डोळ्यांत मोतीबिंदू आहे हे पुष्कळांना अशा तपासणीतच प्रथम कळते. त्यानंतर प्रश्न उभा राहतो तो हा: भिंग कोणते बसवायचे?

मोतीबिंदू म्हणजे काय?

आपल्या डोळ्यात बाहुलीच्या मागे एक नैसर्गिक भिंग असते. ते पाणी व प्रथिने यांचे बनलेले असून तरुणपणी काचेसारखे स्वच्छ असते. वयाबरोबर ते गढूळ होते आणि प्रकाश आत नीट पोहोचत नाही. बाहुलीत मोत्यासारखा पांढुरका ठिपका दिसतो म्हणून आपण त्यास मोतीबिंदू म्हणतो. आमच्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्र त्याला ‘कण्णिन पोरे’ म्हणतात. सापाच्या कातेलाही कन्नडात ‘पोरे’च म्हणतात, त्यामुळे डोळ्यावर कात चढली अशी ती कल्पना आहे. तेलुगूत त्याला ‘शुक्लम्’ म्हणतात. माझे आजोळ बिदरचे असल्यामुळे दोन्ही भाषांतले शब्द लहानपणापासून कानावर आहेत; आणि दोन्हींमुळे होणारा एक गैरसमजही. मोतीबिंदू हा डोळ्यावर आलेला पडदा नाही, की जो सोलून टाकला म्हणजे काम झाले. गढूळ झालेले भिंगच काढावे लागते. आणि भिंग काढले म्हणजे त्याच्या जागी दुसरे काही तरी हवेच, नाही तर प्रकाश दृष्टिपटलावर एकत्र येणार कसा?

थोडा इतिहास

प्राचीन काळी सुईने गढूळ भिंग दृष्टीच्या मार्गातून बाजूला ढकलून देत. सुश्रुतसंहितेत या क्रियेचे वर्णन आहे. १७४७ साली जाक दाविएल या फ्रेंच शल्यविशारदाने भिंग डोळ्याबाहेर काढण्याची रीत सुरू केली. परंतु काढलेल्या भिंगाची भरपाई करण्यास जाड चष्म्यावाचून उपाय नव्हता. जुन्या छायाचित्रांतील आजोबांच्या नाकावर बाटलीच्या बुडासारख्या काचा दिसतात, त्या याच. त्या चष्म्यातून वस्तू सुमारे पाव पटीने मोठी दिसे व कडेचे दिसत नसे. चष्मा फुटला की माणूस पुन्हा आंधळ्यासारखाच.

डोळ्यातच भिंग बसवण्याची कल्पना महायुद्धातून आली. लढाऊ विमानांच्या छताच्या पर्स्पेक्स नावाच्या प्लॅस्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले, तरी डोळा त्यांना फारसा विरोध करीत नाही, हे हॅरल्ड रिड्ली या इंग्रज डॉक्टरने पाहिले. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात त्याने त्याच जातीच्या प्लॅस्टिकचे भिंग प्रथम एका स्त्रीच्या डोळ्यात बसवले. भिंग डोळ्याने सोसले, पण त्याची शक्ती अपेक्षेपेक्षा फार जास्त निघाली आणि तिला मोठा उणे नंबर राहिला. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. जगातील पहिल्या कृत्रिम भिंगात मोठी चूक निघाली ती मापाची!

आपल्या देशात हे भिंग गरिबांपर्यंत पोहोचण्यास बराच काळ लागला. परदेशी भिंग महाग, म्हणून पैसे देणाऱ्यास भिंग आणि शिबिरातल्या रुग्णास जाड चष्मा, अशी वाटणी झाली होती. मदुराईच्या डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी १९७६ साली अकरा खाटांवर सुरू केलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयातून १९९२ साली ‘ऑरोलॅब’ हा कारखाना निघाला. बाहेरून शंभर डॉलरच्या घरात येणारे भिंग तेथे दहा डॉलरच्या आसपास तयार होऊ लागले आणि पुढे आणखी स्वस्त झाले. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या मदुराईच्या मोठ्या अभ्यासात ३,४०० रुग्णांची तुलना करून भिंग हे जाड चष्म्यापेक्षा सरस असल्याचे दाखवण्यात आले. आपल्या हैदराबादेत मेहदीपट्टणमचे सरकारी सरोजिनीदेवी नेत्र रुग्णालय आहे, आणि १९८७ साली डॉ. गुल्लापल्ली नागेश्वर राव यांनी स्थापन केलेली एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था आहे. पैसे देणारा व न देणारा अशा दोघांवरही तेथे उपचार होतात. तात्पर्य, भिंग मिळेल की नाही हा पूर्वीचा प्रश्न आता पुष्कळ अंशी सुटला. त्याच्या जागी अनेकांतून कोणते, हा नवा प्रश्न आला.

दरपत्रकातील रकाने

दिलसुखनगरला मेट्रोच्या खांबांखालून मलकपेटकडून कोत्तपेटपर्यंत चालत गेले तर शिकवणी वर्गांच्या पाट्यांच्या खालोखाल डोळ्यांच्या पाट्या दिसतात. चष्म्यांची दुकाने आहेत, तपासणी केंद्रे आहेत आणि खाजगी नेत्र रुग्णालयेही आहेत. अशा ठिकाणी तपासणी झाली की रुग्णास एका टेबलाशी बसवतात आणि प्लॅस्टिकचे वेष्टण घातलेला एक तक्ता पुढे ठेवतात. डावीकडे स्वस्त, उजवीकडे महाग. काही हजारांपासून निघालेला आकडा शेवटच्या रकान्यात लाखाच्या आसपास पोहोचू शकतो. त्या रकान्यांचा अर्थ थोडक्यात असा.

पहिला भेद बनावटीचा. जुन्या जातीचे कडक भिंग दुमडत नाही, त्यामुळे त्याला थोडी मोठी वाट लागते. ॲक्रिलिकचे घडीचे भिंग दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून आत जाते व आत उलगडते. घडीच्या भिंगात पुन्हा पाणी धरणारे व पाणी न धरणारे असे दोन प्रकार आहेत. पाणी न धरणाऱ्या, चौकोनी कडेच्या भिंगामागील पापुद्रा पुढे गढूळ होण्याचे प्रमाण कमी असते. हा पापुद्रा गढूळ झाला की लोक ‘मोतीबिंदू पुन्हा आला’ म्हणतात. वास्तविक तो मोतीबिंदू नसतो, आणि लेसरने तो दोष दूर होतो.

दुसरा भेद अंतराचा, आणि हाच सर्वांत महत्त्वाचा. ‘मोनोफोकल’ म्हणजे एककेंद्री भिंग एकाच अंतरावर स्पष्ट दाखवते. बाकी अंतरांना चष्मा लागतो. ‘मल्टिफोकल’ म्हणजे बहुकेंद्री भिंग आत येणारा प्रकाश वाटून देते, थोडा लांबसाठी, थोडा जवळसाठी. त्यामुळे चष्म्याची गरज बरीच कमी होते. पण एका भाकरीचे तीन तुकडे केले तर प्रत्येक तुकडा लहानच होणार. मंद उजेडात रंगछटांतला फरक कमी कळतो आणि रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात. कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ साली अनेक चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा हाच निष्कर्ष निघाला: लांबची नजर दोन्हींत सारखीच, जवळची बहुकेंद्रीत सरस, आणि वलयांचा त्रासही बहुकेंद्रीतच अधिक. या दोहोंच्या मध्ये, स्पष्टतेचा पल्ला थोडा लांबवणारे भिंगही आता मिळते.

तिसरा प्रकार ‘टोरिक’. ज्यांना सिलिंडरचा नंबर बराच असतो त्यांच्यासाठी तो उपयुक्त आहे. हे भिंग ठरावीक कोनातच बसावे लागते. ते एक अंश फिरले तरी त्याचा सुमारे ३.३ टक्के गुण जातो आणि ३० अंश फिरले तर गुण जवळजवळ शून्य! ज्याला सिलिंडरचा नंबर नाही त्याला त्याचा उपयोग नाही, मग ते कितीही महाग असो.

निवड प्रत्यक्षात कशी होते?

आता वाणिज्याचा भाग. शस्त्रक्रिया झालेल्या ओळखीच्या वडीलधाऱ्यांना मी सहज विचारत असते की, तुम्ही भिंग कसे निवडले? उत्तरे ठरावीक असतात. “शेजारच्या रावसाहेबांनी हेच बसवले होते.” “अमेरिकन आहे म्हणाले.” “मुलगा तिकडून म्हणाला, पैशाकडे पाहू नका, सर्वांत वरचे घ्या.” आणि सर्वांत अधिक वेळा ऐकू येणारे उत्तर, “अगदी स्वस्त नको, अगदी महाग नको, मधले घेतले.”

हे शेवटचे उत्तर आपल्याला शहाणपणाचे वाटते. १९८९ साली इटामार सायमन्सन या अभ्यासकाने दाखवले की, ग्राहकाला काय घ्यावे हे नीट उमगत नसेल तेव्हा तो मधल्या वस्तूकडे वळतो, कारण ती निवडली तर स्वतःपाशी व दुसऱ्यापाशी समर्थन करणे सोपे जाते. पण मधले हे कशाच्या मधले? तक्त्यात आणखी एक महाग रकाना जोडला की कालचे महाग भिंग आज मधले ठरते. डोळा तोच, गरज तीच. केवळ तक्ता बदलला म्हणून निवड बदलली!

दुसरी अडचण माहितीची आहे. काही वस्तूंची प्रत घेण्यापूर्वी कळते, काहींची वापरल्यावर कळते. १९७३ साली डार्बी व कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी तिसरा वर्ग दाखवला, तो म्हणजे वापरल्यावरही जिची प्रत ग्राहकाला पुरती ठरवता येत नाही आणि विश्वासावरच घ्यावी लागते अशी वस्तू. भिंग या वर्गात येते. शस्त्रक्रियेनंतर दिसू लागते, आनंद होतो. पण तो आनंद मुख्यतः मोतीबिंदू गेल्याचा असतो. दुसरे भिंग बसवले असते तर कसे दिसले असते, हे त्या डोळ्याला कधीच कळणार नसते. म्हणून महाग भिंगवालाही म्हणतो, “छान झाले”, आणि स्वस्त भिंगवालाही म्हणतो, “छान झाले.” दोघेही खरेच बोलतात, परंतु तिसऱ्याला त्यातून निवडीसाठी काहीच हाती लागत नाही.

तक्त्यात नसलेला आकडा

रिड्लीच्या पहिल्या रुग्णाची गोष्ट येथे आठवावी. भिंग कोणत्या कंपनीचे यापेक्षा ते किती शक्तीचे, हे आधी ठरावे लागते. त्यासाठी शस्त्रक्रियेपूर्वी डोळ्याची लांबी व बुबुळाची वक्रता मोजतात. १९८० साली अमेरिकेत तीन डॉक्टरांनी त्यासाठी एक सोपे सूत्र मांडले. भिंगाच्या जातीचा ठरावीक आकडा घ्यायचा. त्यातून लांबीची अडीचपट व वक्रतेची ०.९ पट वजा करायची. समजा, आकडा ११८, लांबी २३.५ मिलिमीटर आणि वक्रता ४४ डायॉप्टर आहे.

११८ − (२.५ × २३.५) − (०.९ × ४४)
= ११८ − ५८.७५ − ३९.६०
= १९.६५

म्हणजे साडेएकोणीस किंवा वीस शक्तीचे भिंग. आता लांबी मोजताना एका मिलिमीटरची चूक झाली असे धरा. उत्तर अडीच डायॉप्टरने चुकेल, म्हणजे रुग्णाला नको असलेला ठळक नंबर शिल्लक राहील. आज याहून पुष्कळ अचूक सूत्रे व यंत्रे वापरतात, परंतु तत्त्व तेच आहे. नीट मोजलेले साधे भिंग चुकीच्या मापाच्या महाग भिंगापेक्षा केव्हाही बरे. आणि हे माप पहिल्या रकान्यातल्या रुग्णालाही तितकेच लागते जितके शेवटच्या रकान्यातल्याला. दरपत्रक त्याबद्दल बोलत नाही.

परंतु सूत्राने शक्ती काढण्यापूर्वीही एक गोष्ट ठरावी लागते, ती म्हणजे भिंगाने चष्म्याशिवाय कोणत्या अंतरावर स्पष्ट दाखवायचे. तो निर्णय यंत्राला घेता येत नाही. ते रुग्णालाच सांगावे लागते.

सुईचे अंतर

माझ्या आत्या चैतन्यपुरीजवळ राहतात आणि घरीच ब्लाउज शिवतात. लहानपणापासून त्यांना उणे तीनचा नंबर आहे. बसची पाटी वाचायला चष्मा लागे, पण सुईत दोरा ओवताना त्या चष्मा काढून डोक्यावर ठेवत आणि एका झटक्यात ओवत. चाळीस वर्षांची ती सवय. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली तेव्हा हिशेबाला म्हणून मला बरोबर नेले. तक्ता समोर आला. मी रकाने वाचत होते, फरक काढत होते. आत्यांनी तक्त्याकडे पाहिलेच नाही. त्यांनी हिंदीत एवढेच विचारले, “चष्मा निकालके सुई में धागा डाल सकूँगी क्या?”

टेबलाशी बसलेल्या मुलीने हा प्रश्न डॉक्टरांकडे नेला आणि डॉक्टरांनी आम्हांला पुन्हा आत बोलावले. त्यांनी समजावून सांगितले ते असे. बहुतेक रुग्णांना लांबचे स्पष्ट हवे असते, म्हणून कोणी काही न बोलल्यास भिंग लांबच्या अंतरासाठी ठरवतात. तसे केले असते तर आत्यांना बसची पाटी चष्म्याशिवाय दिसली असती, पण सुईसाठी आयुष्यात प्रथमच चष्मा लागला असता. शिवाय दुसरा डोळा उणे तीनचाच राहिला असता आणि दोन डोळ्यांत तीन नंबरांचा फरक पडून दुसऱ्या शस्त्रक्रियेपर्यंत त्यांची ओढाताण झाली असती. बहुकेंद्री भिंगाचाही विचार झाला. परंतु आत्या रात्री पिवळ्या दिव्याखाली काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याने शिवतात. रंगछटांतला फरक कमी कळणे हे त्यांच्या धंद्याला परवडणारे नव्हते.

शेवटी घडीचे साधे एककेंद्री भिंग घेतले, तक्त्यात डावीकडून दुसरे. त्याची शक्ती मात्र अशी ठरवली की उणे अडीचचा नंबर मुद्दाम शिल्लक राहावा, म्हणजे चाळीस सेंटिमीटरवरचे चष्म्याशिवाय दिसावे. हात आणि सुई यांचे ते अंतर. त्यासाठी वेगळा पैसा पडला नाही. बाहेर येताना आत्या म्हणाल्या, “अगं, त्या कागदावर सगळं होतं, माझं शिवणयंत्रच नव्हतं.”

आत्यांना जे योग्य ते सर्वांना योग्य, असे मात्र कोणी समजू नये. रात्री दूरच्या गाड्या हाकणाऱ्याला लांबचे व वलयरहित हवे. दुकानदाराला हिशेबाची वही, गिऱ्हाईकाचा चेहरा आणि फळीवरचा माल अशी तीन अंतरे लागतात. त्याचा डोळा अन्यथा निरोगी असेल तर बहुकेंद्री भिंग त्याला वरदान ठरेल. काचबिंदू असेल किंवा मधुमेहाने दृष्टिपटल बिघडले असेल तर प्रकाशाची वाटणी करणारे भिंग सहसा टाळतात. स्वयंपाकघरात वाफेने ज्यांचा चष्मा सारखा धुरकट होतो त्यांना चष्म्यापासून सुटका हीच मोठी मिळकत वाटेल.

त्या मिळकतीचाही हिशेब करता येतो. समजा, दोन भिंगांच्या किमतीत ४०,००० रुपयांचा फरक आहे. ती रक्कम सहा टक्के सरळव्याजाने ठेवली तर वर्षाला २,४०० रुपये मिळतील. तेवढ्यात दरवर्षी वाचनाचा एक चांगला चष्मा येतो, आणि मुद्दल शिल्लकच राहते. तरीही चष्म्याविना मोकळे वावरण्यास कोणी त्याहून अधिक मोल देत असेल तर त्यात वावगे काही नाही. मात्र ते मोल आपण स्वतः लावावे, तक्त्याने नव्हे.

कायदा काय म्हणतो?

व्यापारी कायद्याच्या तासाला आपण १९३० च्या मालविक्री कायद्याचे १६ वे कलम शिकतो. सर्वसाधारण नियम असा की, खरेदीदाराने स्वतः सावध राहावे. पण खरेदीदाराने आपला विशिष्ट हेतू विक्रेत्याला सांगितला आणि त्याच्या कौशल्यावर विसंबून माल घेतला, तर माल त्या हेतूस योग्य असण्याची जबाबदारी विक्रेत्यावर येते. याच कलमाला एक अपवाद आहे. विशिष्ट पेटंटच्या किंवा व्यापारी नावानेच माल मागितला, तर ही गर्भित अट उरत नाही.

रुग्णालय म्हणजे दुकान नव्हे, आणि हे कलम तेथे कितपत लागू पडेल हा वकिलांचा विषय आहे. परंतु त्यातील शहाणपण मला फार मोलाचे वाटते. “अमुक कंपनीचे बसवा” असे म्हणणारा रुग्ण निवडीचा भार स्वतःच्या डोक्यावर घेतो. “मी हे काम करतो, मला या अंतरावर दिसायला हवे” असे सांगणारा रुग्ण तो भार ज्याला पेलता येतो त्याच्याकडे सोपवतो. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. २००८ साली समीरा कोहली खटल्यात, रुग्णाला उपचाराचे स्वरूप, पर्याय व धोके समजतील असे सांगूनच संमती घ्यावी, असे त्याच न्यायालयाने स्पष्ट केले. तेव्हा प्रश्न विचारणे हा रुग्णाचा उद्धटपणा नाही, तो त्याचा हक्क आहे.

घरातील तरुणांसाठी

आपल्या आई-वडिलांबरोबर, आजी-आजोबांबरोबर बहुधा आपणच जातो. फॉर्म आपण भरतो, तक्ता आपण वाचतो. म्हणून काही गोष्टी आपणच लक्षात ठेवायला हव्यात.

१. जाण्यापूर्वी घरी बसून, ज्यांची शस्त्रक्रिया आहे त्यांना विचारावे: दिवसभरात तुम्ही काय काय करता? पोथी किती अंतरावर धरता? रात्री गाडी चालवता का? आजवर कोणत्या कामाला चष्मा काढत होता आणि कोणत्या कामाला घालत होता? ही यादी डॉक्टरांना दाखवावी.

२. भिंगाचे नाव विचारण्याआधी विचारावे: हे भिंग कोणत्या अंतरासाठी ठरवणार? नंतर कोणत्या कामाला चष्मा लागेल?

३. डोळ्यात दुसरा काही दोष आहे का, आणि त्यामुळे कोणता रकाना आपोआप बाद होतो, हे विचारावे.

४. महाग भिंग सुचवले तर त्याने काय अधिक मिळेल आणि काय कमी होईल, दोन्ही विचारावे.

५. विमा असेल तर पॉलिसी आधी वाचावी. अनेक पॉलिसींत मोतीबिंदूसाठी ठरावीक काळ थांबावे लागते, तसेच प्रत्येक डोळ्यामागे रकमेची मर्यादा असते. त्यावरचा खर्च आपला.

६. भिंगाच्या खोक्यावर कमाल किंमत, शक्ती व क्रमांक छापलेला असतो आणि आत चिकटपट्ट्या असतात. त्यातील एक आपल्या कागदपत्रांवर लावून घ्यावी. पुढे दुसऱ्या डोळ्याच्या वेळी किंवा काही अडचण आल्यास ती उपयोगी पडते.

७. शक्य असेल तर पहिल्या डोळ्याचा अनुभव घेऊन मगच दुसऱ्याचे ठरवावे. या बाजारात ग्राहकाला शिकण्याची एवढी एकच संधी मिळते.

समारोप

बाजारात ज्याच्याकडे माहिती अधिक त्याचे पारडे जड, हे अर्थशास्त्र आपल्याला शिकवते. डोळ्याच्या रुग्णालयातही डॉक्टरांकडे माहिती अधिक असते, आणि तशी ती असावीच. त्यासाठीच तर आपण त्यांच्याकडे जातो. पण एक माहिती अशी आहे की जी कोणत्याही डॉक्टरकडे, यंत्रात किंवा दरपत्रकात नसते. आपल्या घरचे वडीलधारे माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत काय पाहत असते, कशासाठी पाहत असते आणि काय दिसेनासे झाले म्हणून ते मनातून खचले आहे, ही ती माहिती. पोथीतली ओळ असेल, नातवाचा चेहरा असेल, तव्यावरची भाकरी असेल किंवा रस्त्यापलीकडून येणारी बस असेल. ती माहिती आपण बरोबर नेली तर तक्त्यातले रकाने आपोआप कमी होतात, आणि पुष्कळदा खर्चही.

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असे आपण म्हणतो. पण डोळा कशासाठी हवा हे मागणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे. ते सांगायला त्याला आपण मदत केली, तर वाणिज्य शाखेत शिकलेल्या हिशेबाचा घरातल्या माणसांना याहून चांगला उपयोग कोणता?